शनिवार, सहा

जूनमध्ये आमच्याकडे सूर्य मावळत नाही.
हट्टी पोरासारखा बसून राहतो
रात्रभर डोंगराच्या कडेवर.
म्हणून स्कार्वनेसमध्ये दिवेलागण कायद्याने होते:
एरवी आठला, शनिवारी सहाला
मी काउंटरमागून उठते
आणि बिअरच्या कपाटावर पडदा ओढते.
हिरवा, मेणकापडाचा, खाली दोन कड्या.
रविवारी तो उघडतच नाही.
मग दूध मिळतं, कॉड मिळतो, गळ मिळतात,
बाटली मिळत नाही.
एखादा ट्रॉलरवाला म्हणतो,
ऊन तर बघ बाहेर, सहा कसले वाजताहेत?
मी म्हणते, यंत्र ऐकत नाही.
खरंच नाही ऐकत. सहावर एक सेकंद गेला
की बाटली बघून नुसता घसा खरवडतं.

ओस्लोची पोरं विचारतात, यानं काय फरक पडतो?
मलाही नेमकं सांगता येत नाही.
माझ्या फ्रिजमध्ये गुरुवारी घेतलेल्या चार आहेत.
ज्याला गुरुवारी शनिवारचा विचार करता येतो
त्याला हा कायदा शिवतही नाही.
ज्याला येत नाही त्याच्यासाठी आहे तो,
आणि त्याच्या घरात
घड्याळाकडे बघत बसलेल्यांसाठी.

आमच्या घरी आई साडेपाचला वडिलांचे बूट लपवायची.
बटाट्यांच्या पेटीत, कधी भट्टीत,
एकदा माझ्या दप्तरात.
अर्धा तास. तिला एवढंच हवं असायचं.
वडील शिव्या देत घर पालथं घालायचे,
आई मान वर न करता मासे साफ करत राहायची,
आणि रेडिओवर सहा वाजले
की बूट दाराशीच सापडायचे.
इथेच तर होते, ती म्हणायची.
त्या रात्री आम्ही पत्ते खेळायचो.
वडील चांगले खेळायचे.

एका शनिवारी ते मोज्यांवरच गेले, बर्फातून.
तेव्हा काउंटरवर गुडमुन असायचा.
त्याने घड्याळ पाहिलं. सहाला पाच कमी.
पायांकडे पाहिलं नाही.
त्या रात्री पत्ते निघाले नाहीत.
बाकीचं राहू दे.

आज सहाला चार कमी असताना आइलिफ आला.
धापा टाकत, दोन्ही हातांत सहा-सहाचे पुडे,
आणि पायांत पिवळे गमबूट.
टाचा वर नळीतच अडकलेल्या,
चवड्यांवर चालत होता.
ते बूट मी ओळखते. गेल्या वसंतात मीच विकले
मैरेटला. अडतीस नंबर.

मी म्हटलं, थांब हं, रोल संपलाय.
संपला नव्हता.
झाकण उघडलं. नवा रोल काढला.
उलटा बसवला, पुन्हा काढला.
मागे टोरबोर्ग कॉफीचं पाकीट धरून उभी होती,
तिने छताकडे बघायला सुरुवात केली.
आइलिफची बोटं काउंटरवर वाजत होती.
मी बोटाला थुंकी लावून
कागदाचं टोक शोधत राहिले.
मग पुडा यंत्राखाली धरला.
यंत्राने घसा खरवडला.

आइलिफ माझ्याकडे बघत राहिला.
त्याला कळलं. मला दिसलं की कळलं.
पाव दे, म्हणाला. एकच.
सुटे मोजून ठेवले, पावती नको म्हणाला.

त्याची चार मिनिटं होती,
हक्काची, कायद्याने दिलेली.
ती मी चोरली.
आणि गावात कुणी ना कुणी
गुरुवारी विचार केलेला असतोच,
त्याचं दार ठोठावता येतं.
हे मला माहीत आहे. आईलाही माहीत असणार.

मी पडदा ओढला, कड्या लावल्या.
बाहेर सकाळी असावं तसं लख्ख ऊन,
त्यात काखेत पाव धरून
अडखळत चाललेले पिवळे बूट.
वळणावर दोन वाटा आहेत,
एक घराकडे, एक बंदराकडे.
वळणापुढचं काउंटरवरून दिसत नाही.